बी.डी.डी. चाळी : दोन विरोधांचा इतिहास

पुनर्विकासाला रहिवाशांनी हरकत घेतली की तिची नोंद ‘विकासाला विरोध’ अशी होते. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींच्या बाबतीत हे वर्णन आम्हांला अपुरे वाटते. या चाळी म्हणजे सरकारनेच एकेकाळी उभी केलेली दाट वस्ती होती आणि तिलाही विरोध झालाच होता.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या. झाल्या सुमारे १६ हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती : तळमजल्यावर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, सामायिक संडास. भाडे परवडेना, सिमेंटच्या अंधाऱ्या खोल्या आवडेनात. गिरणी कामगार तिकडे फिरकलेच नाहीत. मोर्चा नाही, अर्ज नाही, नुसत्या रिकाम्या खोल्या! १९३०च्या कायदेभंगात सरकारला वरळीच्या चाळी तुरुंग म्हणून वापरता आल्या, त्या यामुळेच.

पुढे त्या भरल्या, भरून वाहिल्या. उमापूरसारख्या गावातून पाहणाऱ्या आम्हांला चाळ प्रथम भेटली ती पुस्तकांत, आणि ‘बटाट्याची चाळ’ वाचून झालेली आमची समजूत बरीच गोड होती. १९७४च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, हे त्या समजुतीत कोठे बसत नव्हते.

एप्रिल २०१७ मध्ये वरळीला पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले : १६० ऐवजी ५०० चौरस फूट, मालकी हक्काने, उंच मनोऱ्यांत. तरीही नायगावच्या रहिवाशांनी पात्रतेचे सर्वेक्षण अडविले. आधी करार करा, मग दारात या, असे त्यांचे म्हणणे. मनोऱ्याच्या देखभालीचा खर्च कोण सोसणार, हाही प्रश्न होता. गॅलरीतल्या शेजाराची हळहळ साहित्यिकांना अधिक; रहिवाशांचे भांडण कागदासाठी होते, आणि शंभर वर्षे भाडेकरू राहिलेल्यांनी कागद मागावा यात आम्हांला हट्ट दिसत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये वरळीला पुन्हा एकदा भूमिपूजन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे २०१७च्या त्या भूमिपूजनातून वगळल्या गेल्या होत्या.