बोडकी म्हणायची भीती

दादर-परळमधल्या हिंदमाताला आपण लग्नाच्या बस्त्यासाठी उतरतो. पण हा सगळा भाग मुळात गिरणगाव. गिरणी कामगारांच्याच एका पुढाऱ्यापासून आम्ही आजची गोष्ट सुरू करतो.

पुरुषाला टक्कल पडलं तर गाव थोडं हसतं, मग विसरतं. बाईचा भांग रुंदावला तर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. आम्हाला वाटतं, या लाजेमागे केशवपन आहे. नवरा मेला की ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत बाईचं डोकं भादरत. कोवळ्या पोरीही सुटत नसत. आपल्यातल्या पुष्कळ घरांत ही चाल नव्हती, पण ‘बोडकी’ ही शिवी मात्र घराघरांत पोचली.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने शहरातले न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्यांनी आपली मजुरी सोडली! सुधारकांच्या भाषणांपेक्षा आम्हाला हे मोठं वाटतं.

चाल हळूहळू गेली, भीती उरली. अजूनही सुनेचे केस विरळ झाले की तिच्या माहेराला बोल लागतो.

१९४२ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे संप्रेरक हवं आणि वारसाही हवा. ‘मामावर गेला’ म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. एक महत्त्वाचा गुण मुलाला आईकडून येतो. पण बाकीचे कितीतरी गुण बापाकडूनही येतात. बायकांची तऱ्हा वेगळी. कपाळावरची कड शाबूत राहते, केस भांगाशी विरळ होतात. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १९७७ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या.

बाळंतपणानंतर किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस जातात, ते निराळं. ते बहुधा परत येतात. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडला असेल तरी केस जातात, म्हणून आधी तपासणी. हिंदमाताहून चालत जाता येईल असं केईएम रुग्णालय १९२६ पासून आहे. तिथे केसपेपर काढून त्वचाविभाग विचारा. मिनॉक्सिडिल हे औषध मुळात रक्तदाबाचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, तेव्हा त्याचा डोक्याला लावायचा द्रव निघाला. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि मध्येच सोडलं, तर आलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात.