डुकराच्या पिल्लाचे मृत्युपत्र

शाळा सोडणाऱ्यांनी मागे राहणाऱ्यांच्या नावे थट्टेचे मृत्युपत्र करावे, ही अमेरिकी शाळांतील प्रथा. मृत्युपत्राची थट्टा मात्र फार जुनी. ५व्या शतकाच्या आरंभी संत जेरोम यांनी खेदाने लिहिले, की प्लेटोला वाचक थोडे. शाळांत मुले मात्र एका डुकराच्या पिल्लाचे लॅटिन मृत्युपत्र खदखदून हसत म्हणतात. आचाऱ्याच्या सुरीपुढे ते पिल्लू तासाभराची मुदत मागते आणि स्वतःला लिहिता येत नाही म्हणून मजकूर सांगते: केस जोडे शिवणाऱ्यांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना, मूत्राशय मुलांना (बहुधा फुगवून खेळायला). खाली सात साक्षीदार, अगदी रोमन कायद्याप्रमाणे! आपल्या स्नेहसंमेलनातील फिशपाँडमध्ये चिठ्ठी लिहिणारा लपून राहतो. पिल्लाने मात्र प्रत्येक टोला स्वतःच्या नावानिशी हाणला आहे.