घडी घालून नेता येणारी बार्बेक्यूची गाडी

अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल सामने बहुधा शनिवारी होतात. सामना दुपारचा असला, तरी स्टेडियमबाहेरचा वाहनतळ सकाळपासूनच भरू लागतो. मोटारींचे मागचे दार उघडले जाते, घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि प्रवासी बॅगेसारखी दिसणारी, दोन चाकांची एक वस्तू ओढत बाहेर आणली जाते. खटका सोडला की तिचे पाय कात्रीसारखे फाकतात, झाकण उघडते आणि कमरेच्या उंचीवर जाळीची शेगडी तयार होते. सामना सुरू होण्यापूर्वी ती विझवून, थंड करून, घडी घालून पुन्हा डिकीत ठेवली जाते. मैदानाबाहेरच्या या जेवणावळीला 'टेलगेटिंग' म्हणतात. घडीच्या बार्बेक्यू गाडीला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळाले ते या टेलगेटिंगमधून आणि तंबू ठोकून मुक्काम करणाऱ्या कुटुंबांकडून.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर या गाडीचे दोनच भाग असतात. वर अग्निपेटी, म्हणजे कोळसा किंवा गॅसचा बर्नर, त्यावरची जाळी आणि झाकण. खाली चाके असलेला, मिटणारा सांगाडा. यातला पहिला भाग शतकभर जुना आहे. दुसरा त्या मानाने अलीकडचा असून अभियंत्यांचा खरा कस त्यातच लागलेला दिसतो.

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये 'बार्बाकोआ' या रूपात आला. ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने १५२६ मध्ये तो नोंदवला आहे. काठ्यांचा मांडव, आणि त्यावर ठेवून विस्तवाच्या धगीवर भाजलेले मांस, असा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आजही या शब्दाचा अर्थ मंद आचेवर, धुरात, तासन्‌तास शिजवणे असाच घेतला जातो. तिकडच्या जाणकारांच्या मते घडीच्या गाडीवर जे होते तो बार्बेक्यू नव्हेच, ते 'ग्रिलिंग', म्हणजे कडक आचेवरचे झटपट भाजणे. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बाजाराने मात्र ते कधीच ऐकले नाही.

मोटार आणि मैदानी शेगडी यांचे नाते हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यापर्यंत जाते. कोळशाच्या दाबून केलेल्या वड्यांसाठी एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्येच पेटंट घेतले होते. त्यांचा प्रसार झाला तो १९२० च्या दशकात. 'मॉडेल टी' मोटारीसाठी मिशिगनमधील आयर्न माउंटन येथे लाकूड कापले जाई आणि उरलेल्या तुकड्यांचे व भुशाचे काय करायचे, हा प्रश्न होता. त्यापासून कोळसा करून त्याच्या वड्या पाडण्याचा कारखाना फोर्ड यांनी उभारला. या वड्या फोर्डच्या मोटारविक्री केंद्रांतूनच विकल्या जात. १९३० च्या दशकात त्यांच्याबरोबर लहान शेगडीचा 'पिकनिक संच'ही मिळू लागला. मोटार घेतलेल्या माणसाने ती रानात न्यावी आणि तिथे कोळसा पेटवावा, असा हा सरळ व्यापारी हिशेब होता. पुढे हा व्यवसाय दुसऱ्यांच्या हाती गेला आणि १९५१ मध्ये त्याला 'किंग्जफर्ड' हे नाव मिळाले. लाकडाच्या व्यवहारात फोर्ड यांना साह्य करणारे त्यांचे आप्त एडवर्ड किंग्जफर्ड यांचे ते नाव.

झाकणाची शेगडी आली १९५२ मध्ये. शिकागोच्या 'वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स'मध्ये पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तयार होत असत. तेथील जॉर्ज स्टीफन यांनी असा एक बोया मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला तीन पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ बसवली, आणि वाऱ्यापावसात न विझणारी, भडका आटोक्यात ठेवणारी गोल शेगडी तयार झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गॅसवर चालणाऱ्या मैदानी शेगड्या आल्या. कोळसा पेटण्याची वाट पाहण्याचा त्रास गेला; त्याबरोबर धुराची चवही बरीचशी गेली, अशी तक्रार जुनी मंडळी अजून करतात.

घडीच्या गाडीचा सांगाडा बहुतेक वेळा इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखा असतो. दोन चौकटी मध्यावर एका खिळीने जोडलेल्या असतात. एकीचे टोक अग्निपेटीच्या बुडाला बिजागरीने जखडलेले, तर दुसरीचे टोक खाचेतून सरकणारे. पेटी उचलली की सरकणारे टोक खाचेच्या शेवटी जाऊन खटक्यात अडकते. इस्त्रीच्या घडीच्या टेबलाचे तत्त्व हेच. 'कोलमन' कंपनीच्या 'रोडट्रिप' मालिकेने ही रचना लोकप्रिय केली. 'वेबर'ने २०२१ मध्ये 'ट्रॅव्हलर' ही गाडी आणली. ती एकाच हालचालीत मिटते आणि मिटताना झाकण आपोआप बंदिस्त होते.

कागदावर साधी वाटणारी ही रचना प्रत्यक्षात दोन ठिकाणी दगा देऊ शकते. एक म्हणजे खटका. तो पूर्ण बसला नसेल, तर तापलेली पेटी मध्येच खाली बसते. म्हणून शेगडी पेटवण्यापूर्वी गाडी एकदा हलवून पाहावी. दुसरे, गुरुत्वमध्य. वजनाचा मोठा भाग वरच्या पेटीत असतो, आणि मागे उघडलेले झाकण तो आणखी मागे खेचते. सपाट फरशीवर याने काही बिघडत नाही. उतारावर, वाळूत किंवा खेळणाऱ्या मुलांच्या गर्दीत बिघडते. गाडीचा एक पाय चाकाचा असतो हेही लक्षात घ्यावे लागते. उतार असेल तर चाके उताराच्या आडवी राहतील अशी गाडी लावणे बरे.

जाहिरातीत मात्र खटक्याचा उल्लेख क्वचितच असतो. तिथे मोठ्या अक्षरांत झळकतो तो 'बीटीयू'चा आकडा. बीटीयू हे उष्णतेचे जुने ब्रिटिश एकक असून एक बीटीयू म्हणजे सुमारे १,०५५ ज्यूल. रोडट्रिपच्या एका प्रचलित मॉडेलची क्षमता ताशी २०,००० बीटीयू आणि जाळी २८५ चौरस इंचांची. ट्रॅव्हलरची क्षमता ताशी १३,००० बीटीयू आणि जाळी ३२० चौरस इंचांची. किलोवॉटमध्ये सांगायचे तर पहिली जवळजवळ ६, तर दुसरी ४ च्या थोडी खाली. जाळीच्या प्रत्येक चौरस इंचामागे पहिलीत ७०, तर दुसरीत ४० बीटीयू पडतात. यावरून पहिली सरस असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पेटीचा पत्रा किती जाड, झाकण किती घट्ट आणि जाळी ओतीव लोखंडाची की बारीक तारेची, यावर अन्नाला प्रत्यक्षात मिळणारी आच ठरते. पातळ पत्र्याची पेटी वाऱ्यात २०,००० बीटीयू सहज उडवून टाकते.

इंधनाचा हिशेब तर आणखी रोकडा आहे. अमेरिकेत या गाड्यांना जोडला जाणारा प्रोपेनचा छोटा हिरवा डबा १६.४ औंसांचा, म्हणजे सुमारे ४६५ ग्रॅमचा असतो. त्यातून साधारण २२,००० बीटीयू मिळतात. पूर्ण आचेवर पहिली गाडी त्यावर तासाभरापेक्षा थोडी जास्त, तर दुसरी पावणेदोन तासांच्या आत-बाहेर चालते. शिवाय द्रवाचा वायू होताना डब्यातली उष्णता शोषली जाते. डबा गार पडतो, त्यावर दव धरते आणि दाब उतरतो. शेवटच्या पाव भागात आच मंदावते ती यामुळे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जवळपास. त्यामुळे बर्फाळ प्रदेशात नुसत्या ब्यूटेनचा डबा नेणाऱ्याची शेगडी पेटतच नाही.

कोळशावर चालणाऱ्या घडीच्या गाड्याही मिळतात. त्या स्वस्त असतात, हलक्या असतात आणि चवीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारे दुसरे काही नाही. अडचण जेवणानंतरची आहे. कोळशाच्या राखेत विस्तव कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. अशी पेटी मिटून डिकीत ठेवता येत नाही. म्हणजे घडीचा जो मुख्य फायदा, तोच कोळशाच्या गाडीत निघायच्या वेळी हातचा जातो. घडीच्या गाड्यांच्या बाजारात गॅसने आघाडी घेतली त्याचे एक कारण हे.

राखेचा धोका डिकीपुरता नसतो. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या वेअरहॅम जंगलात मे २०२० मध्ये लागलेल्या वणव्यात दोनशे हेक्टरांच्या आसपास क्षेत्र जळाले. तेथे एकदा वापरून फेकायच्या बार्बेक्यू थाळ्या सापडल्याचे अग्निशमन दलाने सांगितले होते. 'वेटरोझ' आणि 'आल्डी' या दुकानसाखळ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये अशा थाळ्यांची विक्री थांबवली. पायांवर उभी असणारी गाडी गवतापासून उंच राहते, हा तिचा मोठा गुण. पण वाऱ्याने उडालेली ठिणगी पायांची उंची विचारत नाही. कोरड्या गवतावर पाण्याची बादली हाताशी ठेवल्याशिवाय कोळसा पेटवू नये.

सर्वांत गंभीर धोका मात्र आगीचा नाही. पावसाची सर आली, थंडी वाजू लागली, की विझत आलेली शेगडी तंबूत किंवा गाडीत घेण्याचा मोह होतो. ज्वाळा नसते, धूर नसतो, ऊब असते. नेमक्या याच अवस्थेत कोळशातून कार्बन मोनॉक्साईड मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्यांमागचे कारण हेच. तंबूची झडप थोडी उघडी ठेवल्याने हा धोका टळत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकातच कोळशाच्या पिशव्यांवर घर, वाहन आणि तंबू यांची चित्रे काढून त्यांत कोळसा न पेटवण्याचा इशारा सक्तीचा करण्यात आला. गॅसची गाडीही बंद जागेत हाच वायू सोडू शकते. कुणाला अशी लक्षणे दिसली तर त्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

गळतीचे शास्त्र वेगळे. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने गळलेला गॅस वर न जाता खड्ड्यात, तंबूच्या तळाशी, मोटारीच्या डिकीत साचतो. म्हणून डबा जोडल्यावर सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, आणि घडी घालण्याआधी डबा काढून घ्यावा. झाकण उघडल्याशिवाय बर्नर पेटवू नये, ही सूचना तर प्रत्येक माहितीपुस्तिकेत असते आणि तरीही दरवर्षी कुणाच्या तरी भुवया जळतात. रिकाम्या डब्यांचा कचरा हाही आता मोठा प्रश्न झाला आहे. हे डबे पुन्हा भरण्यासाठी बनवलेले नसतात. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यानुसार तेथे १ जानेवारी २०२८ पासून अशा एकदाच वापरायच्या डब्यांच्या विक्रीला बंदी असेल.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या उन्हाळी सहलींतही या गाडीने जागा मिळवली आहे. जाळीवर सॉसेजच्या शेजारी पनीर, ढोबळी मिरची आणि लिंबू-तिखट-मीठ चोळलेली कणसे दिसतात. शाकाहारी-मांसाहारी एकाच जाळीवर नको, म्हणून दोन गाड्या आणणारेही आहेत. मांसाहारी पदार्थांसाठी अमेरिकेच्या कृषी विभागाची मर्यादा पाळणे इष्ट: कोंबडीचा आतला भाग ७४ अंश सेल्सियसपर्यंत, तर खिम्याच्या वड्यांचा ७१ अंशांपर्यंत तापायला हवा. जाळीवर वरून काळे पडलेले चिकन आतून कच्चे असू शकते, हे ओळखायला टोचून पाहायचा तापमापकच लागतो.

सुटीत परत येताना ही गाडी भारतात आणण्याचा विचार काहींच्या मनात येतो. गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही आणि अमेरिकी डब्याच्या आट्यांची झडप येथील सिलिंडरच्या झडपेशी जुळत नाही. मग बाजारात कुणीतरी 'अॅडॅप्टर' तयार करून देतो, आणि दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर वगळून गॅस थेट बर्नरला जोडला जातो. हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. येथील गॅसच्या दाबासाठी बनवलेला बर्नर आणि रेग्युलेटर नसेल, तर ती गाडी न आणलेली बरी.

पवना धरणाच्या काठच्या तंबूंसमोर संध्याकाळी जे बार्बेक्यू पेटतात, ते बहुतांशी स्थानिक कारागिरांनी पत्र्यात केलेल्या चार पायांच्या चौकोनी शेगड्यांवर. खाली कोळसा, वर सळया, बाजूला वारा घालायला पुठ्ठा. पावसाळ्यात शहरांच्या नाक्यांवर कणसे भाजणाऱ्याची हातगाडी तरी वेगळी काय असते? फरक घडीचा आणि झाकणाचा. पाचशे रुपयांच्या पत्र्याच्या शेगडीला झाकण नसते, म्हणून वारा सुटला की कोळसा लवकर जळतो आणि ठिणग्या उडतात. ती जमिनीलगत असते, म्हणून लहान मुले तिच्यावर अडखळतात. तंबू भाड्याने देणाऱ्याकडे रात्री शेगडी कोण विझवते आणि राख कुठे टाकते, एवढे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावेत. राख पाण्याने भिजवून, ढवळून, पुन्हा भिजवायची आणि हात लावता येईल इतकी गार झाल्यावरच धातूच्या, झाकण असलेल्या डब्यात भरायची असते. प्लास्टिकच्या पिशवीत नाही.