गव्हाणीपासून पोळ्यापर्यंत

‘पाळीव प्राणी’ म्हटले की शहरातील वाचकाच्या डोळ्यांपुढे दारातला कुत्रा अथवा मांडीवरचे मांजर उभे राहते. बुलढाणा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी मात्र या शब्दात प्रथम बैलजोडी येते. मग गाय, शेळी, कोंबड्या आणि खळ्याची राखण करणारे कुत्रे. या मुक्या सोबत्यांकडे ख्रिस्तसभेने कोणत्या दृष्टीने पाहिले, हे आपल्या कुटुंबांनी जाणून घेण्याजोगे आहे.

या दृष्टीचे मूळ पवित्र शास्त्रात आहे. शब्बाथाच्या विसाव्यात मालकाबरोबर त्याच्या बैलाचा व गाढवाचाही वाटा आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये, अशी अनुवादाच्या पुस्तकात आज्ञा आहे. कॅथलिक बायबलमधील तोबीतच्या ग्रंथात तर तरुण तोबिया देवदूत राफाएलबरोबर प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्राही त्यांच्या मागोमाग चालू लागतो.

इजिप्तच्या वाळवंटातील संत अंतोन मठाधिपती इ. स. ३५६ मध्ये निवर्तले. पुढे त्यांच्या नावाच्या संघाने युरोपात रुग्णसेवा आरंभिली. संघाची डुकरे गळ्यात घंटा बांधून नगरात मोकळी हिंडत. यातूनच हे संत पाळीव जनावरांचे आश्रयदाते ठरले आणि १७ जानेवारी या त्यांच्या सणाला जनावरांना आशीर्वाद देण्याची प्रथा रूढ झाली. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो येथे गव्हाणीपाशी जिवंत बैल व गाढव उभे करून मिस्सा साजरी करविली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये त्यांना पर्यावरणरक्षकांचे आश्रयदाते घोषित केले. १९८४ च्या आशीर्वादविधींच्या ग्रंथातही जनावरांसाठी स्वतंत्र विधी आहे.

आता आपल्या मातीकडे वळू. १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. बुलढाणा जिल्हा त्यात मोडतो. येथे पिठोरी अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. सणाच्या दिवशी झूल, बाशिंग व घागरमाळा चढवितात, पुरणपोळी भरवितात, आणि त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. ख्रिस्ती शेतकऱ्याने या दिवशी काय करावे? अंधश्रद्धेशी व चुकीच्या समजुतींशी अविभाज्यपणे जोडलेले नाही, असे लोकजीवनातील सर्व काही ख्रिस्तसभा सहानुभूतीने पाहते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील उपासनाविषयक संविधानाने स्पष्ट केले. बैलाची पूजा आपण करीत नाही. परंतु वर्षभर राबणाऱ्या जिवाला विसावा देणे आणि त्याच्यासाठी निर्माणकर्त्याचे आभार मानणे, यात आपल्या श्रद्धेला बाध येत नाही. शब्बाथाची आज्ञा याहून निराळे काय सांगते?

मात्र आशीर्वादाच्या पाण्याने जनावराचे पोट भरत नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली; त्यात बुलढाणाही होता. जोडधंदा म्हणून दुभती जनावरे अनुदानावर देण्यात आली. परंतु वैरण व ढेप यांचा खर्च न झेपल्यामुळे विदर्भातील कित्येक घरांना ती गाय आधाराऐवजी ओझे झाली. दाव्याला बांधलेला जीव आणि त्याला बांधणारा माणूस यांचे नशीब एकच असते, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

१९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ हाच तोल सांभाळतो. जनावरांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचप्रमाणे माणसांचे दुःख निवारण्यासाठी प्राधान्याने वापरावयाचा पैसा जनावरांवर उधळणेही उचित नाही, असे तो शिकवितो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात दरिद्री माणसाचा आक्रोश आणि पृथ्वीचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले. दुष्काळाच्या वर्षी बैल बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी हे दोन्ही आक्रोश एकाच वेळी ऐकू येतात. म्हणून ज्या धर्मग्रामात १७ जानेवारीला अथवा ४ ऑक्टोबरला जनावरांना आशीर्वाद द्यावयाचा असेल, तेथे देवळाच्या अंगणात कडब्याच्या चार पेंढ्याही जमवाव्यात, आणि ज्याची गव्हाण रिकामी आहे त्याच्या घरी त्या पोहोचवाव्यात. आपला तारणारा जन्मला तेव्हा त्याला प्रथम निजविले ते एका गव्हाणीतच.