तिला काय म्हणायचं?

भाची सध्या मँचेस्टरला असते. तिथे डॉक्टरकडे नाव नोंदवताना फॉर्म भरावा लागतो, त्यात म्हणे एक प्रश्न होता : तुम्ही कोणाच्या 'केअरर' आहात का? म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाचं सगळं करणारी, आणि त्याचा पगार न घेणारी व्यक्ती. तिने फोनवर विचारलं, "आत्या, याला मराठीत काय म्हणायचं गं? आई आजीचं सगळं करते, तर आई कोण झाली?"

मी म्हटलं, "सून."

दोघीही हसलो. मला मात्र ते हसू नंतर पचलं नाही. सेवा, शुश्रूषा, दुखणं काढणं, नुसतं 'आजीचं करणं'... कामाला आपल्याकडे ढीगभर शब्द आहेत. करणारीला फक्त नातं. 'काळजीवाहक' हल्ली ऐकू येतं, पण तो शब्द ब्युरोतून येणाऱ्या पगारी माणसाला चिकटलाय.

मग शोधत बसले (अशा वेळी भाजी करपते, हा अनुभव). इंग्रजीतही हा शब्द या अर्थाने काही फार जुना नाही. त्याच्या मुळाशी मेरी वेबस्टर नावाच्या एका बाई आहेत. त्या ख्रिस्ती धर्मोपदेशक होत्या, अविवाहित. १९५४ साली, वयाच्या तिशीच्या आसपास, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी त्यांनी काम सोडलं. लग्न न झालेली मुलगी घरात आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला! भावंडांना वाटतं ती मोकळीच आहे. नोकरी सुटते, पेन्शन बुडतं, मैत्रिणी गळतात, आणि आईवडील गेले की पन्नाशीची बाई रिकाम्या घरात रिकाम्या हातांनी उभी.

१९६३ साली वेबस्टरबाईंनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं आणि हे सगळं मांडलं. उत्तरं आली, शेकड्यांनी. घराघरांत एकेकटी बसलेली प्रत्येक बाई समजत होती की हे आपल्याच नशिबी आलंय. १९६५ मध्ये या बायकांची संस्था उभी राहिली. बाई स्वतः १९६९ मध्ये गेल्या, पन्नाशीही न गाठता. आपल्या पत्राचं पुढे काय काय झालं ते त्यांना बघायला मिळालं नाही.

झालं ते असं. १९७६ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा माणसांसाठी भत्ता सुरू केला. आठवड्याला किमान ३५ तास एखाद्या गंभीर अपंग माणसाचं करत असाल तर मिळणारा. रक्कम तुटपुंजी, पण सरकारने या कामाची नोंद घेतली होती. आता यातली गंमत बघा. विवाहित बाईला तो मिळणार नाही, नवऱ्यासारख्या कोणाबरोबर राहणाऱ्या बाईलाही नाही. कारण? ती तर घरातच असणार! पुरुषाने आईसाठी नोकरी सोडली तर तो त्याग, लग्न झालेल्या बाईने सोडली तर त्यात सोडण्यासारखं होतंच काय?

जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईंना हे पटलं नाही. जून १९८४ मध्ये त्यांची अपंग आई त्यांच्याकडे राहायला आली आणि त्यांनी नोकरी सोडली. भत्ता मागितला, तो लग्न झालंय म्हणून नाकारला गेला. प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं. निकाल २४ जून १९८६ ला बाईंच्या बाजूने लागला. आणि सरकारने आदल्याच दिवशी जाहीर करून टाकलं की आता विवाहित स्त्रियांनाही भत्ता देऊ! हरणार हे कळलं की शहाणपण कसं पटकन येतं. पुढे १९९५ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट दिली. आजारी माणसाच्या गरजांची पाहणी होताना, त्याचं करणाऱ्याला हे कितपत झेपतंय याचीही पाहणी मागता येऊ लागली.

१९८४ वाचून मी थबकले. आमच्या आईने त्याच साली बँकेतली नोकरी सोडली. आजीला अर्धांगवायू झाला होता. पुढची नऊ वर्षं आजीला कुशीवर वळवणं, भरवणं, चादरी धुणं, रात्री दोनदा उठणं. १९९१ ला जनगणनेचे गुरुजी आले तेव्हा बाबांनी आईच्या व्यवसायापुढे सांगितलं, "काही नाही, घरीच असते." आई आत आजीची पाठ पुसत होती. बाबा वाईट नव्हते हो. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि आम्हालाही.

आपला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचला. आईवडिलांना पोटगी मागता येते, त्यासाठी न्यायाधिकरण आहे, महिना दहा हजारांपर्यंतची मर्यादा आहे. चांगलंच आहे. पण जबाबदार 'अपत्यां'च्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. तिच्यावर सक्ती नको हे बरोबरच, पण जी प्रत्यक्षात करते ती कागदावर कुठेच नाही, करणाऱ्याला काय लागतं हा प्रश्नच त्यात नाही.

आता आईचं वहिनी करते. आई ८१ ची आहे, कधी वहिनीला ओळखते, कधी तिला चोर म्हणते. मी बंगलोरहून रोज फोन करते आणि रोज विचारते, "आई कशी आहे?" जेवली का, झोपली का, औषध दिलं का. सहा वर्षं हेच. हे दादाही वाचतो, म्हणून लिहिते : तूही हेच विचारतोस, ऑफिसातून.

काल फोनवर म्हटलं, "वहिनी, तू कशी आहेस?"

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "का गं? काय झालं?"

मार्चमध्ये तीन आठवडे मी जाऊन राहणार आहे. वहिनी कोल्हापूरला माहेरी जाईल म्हणते. म्हणते, पण रात्री आईला उठवायच्या वेळा मला कागदावर लिहून पाठवायला तिने आत्ताच सुरुवात केलीय.