फ्राय बेन्तोस : डब्यावरचे गाव

तीस-बत्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण अमेरिकेचा धडा आला की उरुग्वेच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ येई. राजधानी माँटेव्हिडिओ, गवताळ प्रदेश, निर्यात मांस, लोकर व कातडी. मुले ती ओळ पाठ करीत, पेपरात लिहीत आणि मी एक गुण देऊन टाकी. एकदा सातवीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, फ्रीज नव्हते तेव्हा एवढं मांस इंग्लंडला पोचेपर्यंत कुजत नव्हतं का?" मी म्हणालो, "पुढच्या तासाला सांगतो." मास्तर लोकांचे हे हुकमी वाक्य. पुढचा तास अर्थातच आला नाही.

निवृत्तीनंतर रिकामपण आले आणि ही जुनी देणी आठवू लागली. शोध घेता घेता मी एका लहानशा गावात पोचलो. (मनाने हो! पारपत्र अजून कोरेच आहे.) त्या गावाचे नाव फ्राय बेन्तोस.

नकाशा उघडा. ब्राझीलच्या डोंगरात उगम पावून सुमारे १८०० किलोमीटर वाहणारी उरुग्वे नदी शेवटी पाराना नदीला भेटते आणि दोघींची मिळून ला प्लाता नावाची अवाढव्य खाडी होते. त्या संगमाच्या थोडे वर, नदीच्या पूर्व काठावर हे गाव आहे. पलीकडचा काठ अर्जेंटिनाचा. इथे नदी रुंद आहे आणि काठाजवळच खोल आहे. समुद्रातली जहाजे थेट इथवर येऊ शकतात. गावाचे सारे नशीब या खोल पाण्याने लिहिले. २०११ च्या जनगणनेत गावची लोकसंख्या २४ हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे ठिकाण समजा.

गाव वसले १८५९ साली. त्याचे तेव्हाचे नाव होते 'व्हिया इंदिपेंदेन्सिया', म्हणजे स्वातंत्र्यपूर. पण फार पूर्वी इथल्या काठावर बेन्तोस नावाचा कोणी जोगी एकटाच राहत असे, अशी दंतकथा होती. लोकांच्या तोंडी त्याचेच नाव राहिले आणि पुढे सरकारलाही ते मान्य करावे लागले. सरकारी नाव हरले आणि जोगी जिंकला, याची मला उगीचच मौज वाटते.

त्या काळी या गवताळ मुलखात गुरे अफाट होती आणि माणसे थोडी. गुरे मारली जात ती कातडी आणि चरबीसाठी. काही मांस खारवून, वाळवून ब्राझील आणि क्यूबाकडे जाई, तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांना खाऊ घालायला. बाकीचे माळावरच टाकून देत. त्याच वेळी युरोपातल्या गरिबाला मांस परवडत नव्हते. आता इथे मी जरा थांबतो. आमचे घर माळकरी. गोमांसाची ही कथा लिहिताना माझी लेखणी अडखळते, हे लपवत नाही. पण इतिहास आपल्या सोवळ्याप्रमाणे घडत नसतो.

जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग नावाचे थोर रसायनशास्त्रज्ञ होते. १८४७ साली त्यांनी मांसाचा अर्क काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मांस शिजवायचे, चरबी काढून टाकायची आणि रस आटवत आटवत काकवीसारखा दाट करायचा. तो महिनोन्‌महिने टिके. अडचण एकच होती. एक किलो अर्काला सुमारे तीस किलो मांस लागे. युरोपातल्या भावाने हे फक्त श्रीमंतांचे औषध झाले असते. तेव्हा दक्षिण अमेरिकेत काम करणाऱ्या गीबर्ट नावाच्या एका अभियंत्याने ते वाचले. डोळ्यांदेखत वाया जाणारे मांस आणि लीबिग यांचा कागद, या दोन्हींचा मेळ त्याच्या डोक्यात बसला. १८६२ मध्ये तो म्युनिकला जाऊन लीबिग यांना भेटला, १८६३ पासून फ्राय बेन्तोसला काम सुरू झाले आणि १८६५ साली लंडनमध्ये लीबिगच्या नावाने कंपनी उभी राहिली.

तर सातवीतल्या त्या मुलाचे उत्तर हे असे : मांस पाठवतच नव्हते, आटवून पाठवत होते.

अर्क फार पौष्टिक आहे असा गाजावाजा आधी झाला. पुढे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की खरे पोषण त्यात फारसे उरतच नाही, उरते ती चव आणि तरतरी. लीबिग यांनीही आपली भाषा मग सौम्य केली. धंद्याला मात्र काही झाले नाही! १८७३ पासून खारवलेले गोमांस पत्र्याच्या डब्यात भरून जाऊ लागले आणि डब्यावर गावाचे नाव आले. ज्या माणसाला उरुग्वे नकाशात दाखवता आला नसता, त्याच्या फडताळात फ्राय बेन्तोस येऊन बसले. कंपनी गिऱ्हाइकांना रंगीत चित्रांची कार्डे देई. इतिहास, भूगोल, पशुपक्षी असे नाना विषय त्यांवर असत आणि युरोपातली मुले ती जमवीत. मला ही कार्डे मिळाली असती तर त्या दीड ओळीचे काहीतरी बरे झाले असते.

गाव आणि कारखाना वेगळे उरले नाहीत. मजुरांच्या चाळी, साहेबांचा बंगला, दवाखाना, शाळा, धक्का, सगळे कंपनीचे. पन्नासांहून अधिक देशांतून आलेले लोक इथे राबले. उरुग्वेतला पहिला विजेचा दिवा १८८३ साली याच कारखान्यात लागला असे सांगतात. गावच्या चौकातला बँडचा मंडपदेखील कंपनीची भेट. १९२४ मध्ये मालकी व्हेस्टी या इंग्रज घराण्याकडे गेली आणि कारखान्याचे नाव 'अँग्लो' झाले. मोठे शीतगृह आले, गोठवलेले मांस जहाजांत चढू लागले.

दोन्ही महायुद्धांत हे डबे सैनिकांच्या पिशवीत होते. १९१७ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या चिखलात एक ब्रिटिश रणगाडा रुतला. आत नऊ माणसे आणि चारी बाजूंनी गोळीबार. अडीच-तीन दिवस त्यांनी तग धरला आणि मग रात्रीच्या अंधारात जे वाचले ते निसटले. त्या रणगाड्याचे नावही होते 'फ्राय बेन्तोस'. पत्र्याच्या डब्यात कोंडलेली माणसे!

युद्धे संपली, युरोपने आपली शेती सावरली, ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय बाजारसंघात गेला. अँग्लो उरुग्वे सरकारकडे आला, पण सावरला नाही. १९७९ मध्ये तो बंद झाला. ज्या गावात आजा, बाप आणि मुलगा एकाच भोंग्यावर उठत होते, तिथे एका वर्षी भोंगा वाजलाच नाही. मुंबईच्या गिरणगावातून आलेल्या दोन कुटुंबांची मुले माझ्या वर्गात होती, म्हणून याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुढचा अध्याय कागदाचा. १९८७ च्या वनीकरण कायद्यानंतर उरुग्वेत निलगिरीची लागवड वाढली. गवताच्या जागी झाडे आली. २००५ साली फिनलंडच्या बोत्निया कंपनीला फ्राय बेन्तोसजवळ वर्षाला दहा लाख टन लगदा काढणारा कारखाना उभारायला परवानगी मिळाली. आधी एका स्पॅनिश कंपनीलाही मिळालीच होती. फ्राय बेन्तोसला वाटले, भोंगा परत आला. पलीकडच्या ग्वालेग्वायचू या अर्जेंटिनी गावाला वाटले, नदी मेली. दोघांनाही चूक म्हणणे मला कठीण जाते. दोन्ही गावांना जोडणारा मोठा पूल १९७६ साली बांधलेला. त्याच पुलावर एप्रिल २००५ मध्ये हजारो लोक निषेधाला जमले आणि नोव्हेंबर २००६ पासून जून २०१० पर्यंत आंदोलकांनी रस्ता अडवूनच धरला. ज्यांची सोयरीक पुलापलीकडे होती त्यांनी काय करायचे? स्पॅनिश कंपनी दुसरीकडे निघून गेली. बोत्नियाचे धुराडे २००७ च्या नोव्हेंबरात पेटले. उरुग्वेचे तेव्हाचे अध्यक्ष ताबारे वास्केस यांनी २०११ मध्ये सांगून टाकले की अर्जेंटिनाशी युद्धाची शक्यता आपण विचारात घेतली होती आणि अमेरिकेचा पाठिंबाही मागितला होता. एका नदीकाठच्या लगद्यासाठी!

खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९७५ च्या करारानुसार नदीवर काही बांधायचे तर दुसऱ्या देशाला आधी कळवायचे होते. २० एप्रिल २०१० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कळवण्याची ही रीत उरुग्वेने मोडली, पण नदी दूषित केल्याचे सिद्ध झाले नाही. कारखाना पाडण्याची गरज नाही. सामाईक नदीवर असे काही करण्याआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासलाच पाहिजे, हेही याच निकालात ठामपणे आले. जगभरच्या नदीतंट्यांत आज तो निकाल पुढे ठेवतात. त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून पाणी तपासायचे ठरवले आणि पूल मोकळा झाला.

जुन्या अँग्लोत आता संग्रहालय आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने धक्का, शीतगृह, चाळी आणि चराऊ माळासकट तो सारा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. डब्यावरचे नाव ब्रिटनमध्ये अजून विकले जाते, पण तो माल तिकडेच बनतो. आणि २०२४ साली उरुग्वेच्या निर्यातीत लगद्याने गोमांसाला मागे टाकले. म्हणजे माझी ती दीड ओळही आता बदलावी लागणार.

बोत्नियाचा कारखाना २००९ पासून युपीएम या फिनिश कंपनीकडे आहे. ग्वालेग्वायचूचे लोक उन्हाळ्यात नदीकाठच्या वाळूवर डुंबायला येतात, तेव्हा समोरच्या काठावर त्यांना ते धुराडे दिसते.