फोटोत अडकलेली नावं

शाळेच्या नव्या इमारतीच्या फलकावरून मागच्या महिन्यात गावात जी चर्चा झाली, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर आली असेल. १९५३ साली शाळा उभी राहताना ज्यांनी जमीन, धान्य, पैसा किंवा अंगमेहनत दिली त्या सगळ्यांची नावं फलकावर कोरायचं ठरलं. तेव्हा एकजण उठून म्हणाला, "आमच्या आजीनं पायाची माती वाहिलीय. तिचं नाव पाहिजे." समितीतून कुणीतरी विचारलं, "पुरावा काय?"

पुरावा होता. मीच तो वीस वर्षांपूर्वी तयार केला होता. आणि मीच तो अशा पद्धतीने ठेवला होता की तो कुणालाही सापडू नये. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

२००२ सालची गोष्ट. एमएस-सीआयटी आदल्याच वर्षी सुरू झाली होती आणि तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एकाला लागून एक कॉम्प्युटर क्लास निघत होते. मी त्यातल्याच एका खासगी क्लासला सहा महिन्यांच्या बेसिक कोर्सला बसलो. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग एसीच्या खोलीत जायचं. एका मशीनवर दोघं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही. लाइट गेली की युपीएसचा टीं टीं आवाज सुरू आणि सर ओरडायचे, "सेव्ह करा, सेव्ह करा!"

पहिले पाच महिने विंडोज, वर्ड, एक्सेल. शेवटच्या महिन्यात दोन नवीन विषय: वेब पेज बनवणे आणि फोटोशॉप. बहुतेक मुलं तोवर क्लास सोडायची, कारण नोकरीच्या अर्जाला तेवढं लागत नव्हतं. मी राहिलो.

एचटीएमएल आम्ही नोटपॅडमध्ये शिकलो. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ पर्यंत ती बाहेरच्या जगाला वापरता येऊ लागली. दहा-अकरा वर्षांत ती दुष्काळी पट्ट्यातल्या आमच्या क्लासपर्यंत आली होती. कंसात शब्द लिहायचा, फाइल सेव्ह करायची, ब्राउझरमध्ये उघडायची, की अक्षरं जाड होतात, ओळ सरकायला लागते. तोपर्यंत कॉम्प्युटरवर आम्ही दुसऱ्याने केलेलं वापरत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे आपणही करू शकतो.

फोटोशॉपही तसंच. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकेतल्या दोन भावांनी ते केलं आणि १९९० मध्ये ते बाजारात आलं. सरांनी लेयर समजावताना काचेवर काच ठेवून दाखवली होती. खालच्या काचेला धक्का न लावता वरच्या काचेवर काम करायचं. मग स्टॅम्प टूल. आजोबांच्या जुन्या फोटोवरची बुरशी मी त्यानेच काढली. त्याच आठवड्यात एकाने स्वतःला एका मंत्र्याच्या शेजारी उभं केलं. आम्ही खूप हसलो. पण फोटो हाही पुरावा असतोच असं नाही, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

२००३ मध्ये शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिका काढायची ठरली. मोठ्या देणगीदारांची नावं, शुभेच्छा, जाहिराती यांनीच पानं भरली. श्रमदान करणाऱ्यांची यादी एका जुन्या वहीत होती, २१२ नावं. पानं वाढतात, छपाईचा खर्च वाढतो, म्हणून ती वगळायचं ठरलं. तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, "मी साइट करतो. यादी साइटवर टाकू."

सगळ्यांना कल्पना आवडली. त्याला कारणही होतं. आपल्या खानापूर-आटपाडी भागातल्या घराघरातलं कुणी ना कुणी गलाईच्या कामासाठी बाहेर असतं. सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन आपली माणसं केरळपासून बंगालपर्यंत पोचली आहेत. त्यांनी तिथल्या सायबर कॅफेत बसून आपल्या बापाचं, आईचं नाव बघावं, एवढीच इच्छा होती.

आणि इथेच अडचण आली. मराठी दिसणार कशी?

आजच्या मुलांना हे पटणार नाही, पण त्या वेळी कॉम्प्युटरच्या लेखी मराठी अक्षर म्हणजे वेष बदललेलं इंग्रजी अक्षर होतं. साध्या फाँटमध्ये २५६ जागा असायच्या. त्यातल्या इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी क, ख, मात्रा, वेलांट्या यांची चित्रं बसवलेली. आकृती, श्री-लिपी, आयएसएम, प्रत्येकाची बसवायची पद्धत वेगळी. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती चिन्हांची खिचडी. वर्तमानपत्रांच्या साइटवरसुद्धा आधी "फाँट डाउनलोड करा" अशी पाटी असायची. कोइमतूरच्या सायबर कॅफेत कोण आपला फाँट टाकू देणार?

म्हणून आम्ही सोपा मार्ग काढला. यादी पेजमेकरमध्ये टाइप केली, तिथून फोटोशॉपमध्ये नेली आणि तिची सहा चित्रं केली. चेहऱ्यांसाठी जेपीजी, अक्षरांसाठी जिफ, हे सरांनी शिकवलंच होतं. जिफमध्ये रंग जास्तीत जास्त २५६, म्हणून फाइल लहान. टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेट चालायचं, त्यामुळे एकेक केबी वाचवायचा. ती सहा चित्रं एका फुकट साइटच्या जागेवर चढवली. बाहेरगावाहून फोन आले. "दिसलं रे, नाव दिसलं!" तो आनंद मी विसरणार नाही.

पण एक गोष्ट मी तेव्हा केली नाही, ती आज कबूल करतो. चित्र पेजवर टाकताना एचटीएमएलमध्ये 'ऑल्ट' नावाची जागा असते. चित्र दिसलं नाही, किंवा बघणारा अंध असला, तर त्याच्यासाठी चित्रात काय आहे ते तिथे शब्दांत लिहायचं. सरांनी सांगितलं होतं, वहीत दोनदा अधोरेखितही होतं. मी ती जागा रिकामी सोडली. निदान इंग्रजी अक्षरांत नावं लिहिली असती तरी शोधणाऱ्याला काहीतरी हाती लागलं असतं. २१२ नावं टाइप करायचा कंटाळा केला, दुसरं काही कारण नाही.

गंमत बघा. त्याच वर्षी, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथली मराठी चित्रातली नव्हती, खरी अक्षरं होती, युनिकोडमधली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली तेव्हापासून देवनागरीला तिच्यात स्वतःची जागा आहे. ही मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या प्रमाणावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. 'क' चा ०९१५. मुंबईत तोच, कोइमतूरला तोच, फाँट कुठलाही असो. म्हणजे अडचणीवरचा उपाय बारा वर्षांपूर्वीच कागदावर आला होता. पण विंडोज ९८ वर त्याची धड सोय नव्हती, एक्सपीत सीडी घालून वेगळी सेटिंग करावी लागायची, आणि पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. छापखाने जुन्या फाँटवरच राहिले, बरेचसे आजही आहेत. आणि आम्ही शिकलो ते छापखान्याच्या पद्धतीने.

पुढे काय झालं? २००९ मध्ये ती फुकट सेवा बंद पडली, साइट गेली. मूळ वही पावसात गळणाऱ्या खोलीत होती, तिचा लगदा झाला. उरली माझ्या कपाटातली एक सीडी.

फलकाची चर्चा ऐकून त्या रात्री मी ती सीडी काढली. लॅपटॉपला सीडी लावायची सोय नाही, स्टुडिओवाल्या मित्राकडे गेलो. सहापैकी चार चित्रं उघडली. दोन उघडेनात. चार चित्रांत ते नाव नव्हतं.

मग पेजमेकरची फाइल मिळवली, त्यातला मजकूर काढला. समोर सगळी फुल्या, टोप्या आणि उलटे प्रश्नचिन्ह. कन्व्हर्टरमध्ये घातला तेव्हा मराठी झाली, पण मोडकी. जुन्या फाँटमध्ये 'वि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'व' नंतर, कारण डोळ्याला तसं दिसतं. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे 'व' आधी, वेलांटी नंतर. रफाराचंही असंच उलटं. कन्व्हर्टर काही ठिकाणी चुकला. काही आडनावं ओळखूच येईनात. शेवटी गावातल्या दोन ज्येष्ठांना घेऊन बसलो. मी अर्धवट नाव वाचायचो, ते म्हणायचे, "अरे, तो वरच्या आळीचा. बरोबर आहे, पुढं चल."

दुसऱ्या रात्री, पाचव्या चित्रातल्या यादीत, ते नाव आलं. आजींचं नाव, पुढे नवऱ्याचं नाव, आणि पुढे "माती वाहणे, दिवस ४".

त्यांच्या नातवाला मी फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, दिवस पण लिहिलेत?"

आता हे सगळं का सांगतोय, तर हे आजही थांबलेलं नाही. आजही ग्रामसभेची नोटीस म्हणजे कागदाचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो. लाभार्थ्यांच्या याद्या स्कॅन करून चढवलेल्या. डोळ्याला दिसतात, पण शोधता येत नाहीत, अंध माणसाला ऐकता येत नाहीत, आणि पाच वर्षांनी कुणाच्याच हाती लागणार नाहीत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे. नोंदी सूचीबद्ध ठेवा, शक्य तिथे संगणकावर आणा, स्थानिक भाषेचा विचार करून लोकांपर्यंत पोचवा, असं त्यात म्हटलंय. फोटो टाकला म्हणजे हे झालं असं मला वाटत नाही.

आणि क्लासबद्दलही बोलायला हवं. आज मुलांच्या हातात आमच्यापेक्षा शंभरपट ताकदीचं मशीन आहे. वाढदिवसाचा बॅनर ती दोन मिनिटांत करतात. पण पेज आतून कसं बनतं, चित्रातलं अक्षर आणि खरं अक्षर यात काय फरक, फोटोत फेरफार कसा होतो, हे त्यांना कोण सांगतं? बेसिक कोर्सच्या शेवटच्या महिन्यात जे शिकवायचे आणि निम्मी मुलं सोडून जायची, तेच खरं तर नागरिक म्हणून लागणारं शिक्षण होतं. मी ते शिकलो आणि तरी कंटाळा केला. त्याची किंमत एका घराला भोगावी लागत होती.

२१२ पैकी २०७ नावं आता युनिकोडमध्ये टाइप करून झाली आहेत. पाच अजून लागत नाहीत. त्यांची मोडकी अक्षरं पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, कुणाला काही आठवलं तर कळवा. आणि मेहरबानी करून कमेंटमध्ये टाइप करा. कागदाचा फोटो काढून टाकू नका.